राउटरच्या पोटातला घरजावई

मागे आवाज येतोय ना? फॅन जरा कमी करा भो... नको नको, राहू द्या, मे महिन्यात जळगावात फॅन कमी करा म्हणणाऱ्याला लोक स्टेजवरून खाली ओढतील.

तर विषय दिलाय, स्विच-राउटरमध्ये दुसऱ्या कंपनीचं सर्व्हिस मॉड्यूल, म्हणजे वेब फिल्टर, फायरवॉल असलं जादा काम करणारं कार्ड, कसं जोडायचं. जोडणं काही अवघड नाही हो, स्लॉट मोकळा करा, कार्ड सरकवा, स्क्रू आवळा. माझं भांडण त्याच्या पुढचं आहे. हे कार्ड म्हणजे घरजावई. वीज आपली, हवा आपली, पण डोकं त्याचं स्वतःचं. प्रोसेसर वेगळा, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, पासवर्डसुद्धा वेगळा. राउटरला तो आतून बहुतेक वेळा नुसता एक इथरनेट पोर्ट म्हणून दिसतो. लिंक अप, म्हणजे जोडणी चालू दिसली, की जावई ठणठणीत! आत तो बेशुद्ध पडलाय हे सासऱ्याला कळणार कसं?

रावेरकडे एका केळीच्या व्यापाऱ्याकडे असंच झालं. ऑफिसच्या राउटरमध्ये वेब फिल्टरचं कार्ड, दुसऱ्या कंपनीचं. ऐन दुपारी हँग. लिंक मात्र अप, म्हणून राउटर इमानदारीत सगळा ट्रॅफिक त्याच्याकडे ढकलतोय आणि तिकडून काहीच बाहेर येत नाही. राउटरवाल्यांना फोन लावला तर म्हणे आधी ते परकं कार्ड काढा मग बोलू. कार्डवाले म्हणे राउटरचं सॉफ्टवेअर जुनं आहे, अपग्रेड करा. पुन्हा राउटरवाले, म्हणे करा अपग्रेड, पण त्या व्हर्जनवर हे कार्ड चालेल याची गॅरंटी आमची नाही. म्हणजे दोघंही खरं बोलतायत आणि नेट बंदच! इकडे गाड्या भरून उभ्या, बिलं निघेनात. शेवटी शेठ मला म्हणाले, "भो, माझी केळी कोणाच्या सपोर्टमध्ये पिकणार?" हसू नका, यादीत पुढचा नंबर तुमचाही असेल.

हं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मुख्य मुद्दा तर राहिलाच, पटापट सांगतो.

कार्ड मेल्यावर ट्रॅफिकचं काय, हे घेण्याआधी ठरवा. डब्ल्यूसीसीपीमध्ये, म्हणजे राउटरने ट्रॅफिक कार्डाकडे वळवायच्या एका प्रोटोकॉलमध्ये, कार्ड दर १० सेकंदांनी "मी आहे" असं कळवतं, साधारण ३० सेकंद गप्प राहिलं की राउटर त्याला यादीतून काढतो आणि ट्रॅफिक सरळ जाऊ देतो. पॉलिसी राउटिंगने, म्हणजे आपण लिहिलेल्या नियमाने, वळवत असाल तर ट्रॅकिंग लावा, म्हणजे कार्ड जिवंत आहे का हे राउटर तपासत राहील, पण नुसत्या पिंगवर, "आहेस का?" या साध्या हाकेवर, विसंबू नका, सिस्टिम पिंगला उत्तर देते आणि वरचं ॲप्लिकेशन मेलेलं असतं. कॅशे, म्हणजे वेब पानांच्या प्रती साठवणारं कार्ड, मेला तर वाट उघडी राहावी, फायरवॉल, म्हणजे नको तो ट्रॅफिक अडवणारा पहारेकरी, मेला तर बंद, तिथे वाट उघडी ठेवणं म्हणजे फायरवॉल नसल्यातच जमा. जाणारा आणि येणारा ट्रॅफिक दोन्ही त्याच्यातूनच गेला पाहिजे, नाहीतर फायरवॉल अर्धं बोलणं ऐकून पॅकेट टाकून देतो. सर्व्हिस चेनिंगचं, म्हणजे ट्रॅफिक अशा सर्व्हिसमधून ओळीने नेण्याचं, आर्किटेक्चर २०१५ च्या आरएफसी ७६६५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे, त्याचा हेडर, म्हणजे पॅकेटवर लागणारी चिठ्ठी, २०१८ च्या आरएफसी ८३०० मध्ये, घरी जाऊन वाचा, आता वेळ नाही.

आणि ऑर्डर देण्याआधी दोन्ही कंपन्यांकडून लेखी घ्या, कुठलं व्हर्जन कुठल्या व्हर्जनबरोबर टेस्ट केलंय. देत नसतील तर कार्ड घेऊच नका, तेच काम बाहेरच्या वेगळ्या डब्यावर करा. केबल तरी उपटता येते.