हात नेमका कुठे सुटला?

श्रोतेहो, नमस्कार.

१९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचा बावीस वर्षांचा एक मल्ल फ्लायवेट गटात उतरला आणि सहाव्या क्रमांकावर राहिला. हे खाशाबा दादासाहेब जाधव. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांच्या नावावर जमा झाले. त्या पदकाविषयी आपण सारे अभिमानाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र आज त्या आधीच्या सहाव्या क्रमांकाबद्दल बोलायचे आहे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे पदकाची खरी कमाई तिथे सुरू झाली.

ज्यांनी मातीतली कुस्ती जवळून पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर तालमीतला लाल मातीचा हौदा लगेच उभा राहील. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती मऊ माती. कुस्ती लागताना मल्ल मूठभर माती उचलून स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला लावतो, त्यामुळे घामाने निसटणाऱ्या अंगावर पकड बसते. पाय अनवाणी असतात आणि पायाची बोटे मातीत रुततात. आधी बराच वेळ खडाखडी चालते, ताकदीचा अंदाज घेतला जातो, आणि पाठ जमिनीला लागून मल्ल चितपट झाला की निकाल स्वच्छ लागतो. अशा मातीत ज्याचे शरीर घडले, त्याला एके दिवशी बूट घालून गादीवर उभे केले तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. पायाखाली रुतायला काही नाही, अंगावर माती नाही, डोक्यावर घड्याळ चालू आहे, आणि पाठ न लागताही पंचांच्या कौलावर कुस्ती हातची जाऊ शकते. खडाखडीत घालवलेली मिनिटे इथे महागात पडतात.

खाशाबा लंडनला गेले तेव्हा त्यांना गादीवरच्या कुस्तीचा सराव जवळजवळ नव्हताच. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते तिथवर पोहोचले होते. तिथे त्यांना रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाचे थोड्या काळासाठी मार्गदर्शन लाभले, आणि ऑस्ट्रेलिया व अमेरिकेच्या मल्लांना हरवल्यानंतर इराणच्या मन्सूर रईसी यांच्यापुढे त्यांना हार पत्करावी लागली. नवख्या मल्लाने इतकी मजल मारली यात समाधान मानून ते परतले असते, तरी कोणी बोल लावला नसता. त्यांनी तसे केले नाही. परतल्यावर त्यांनी सराव आणखी कडक केला, एक गट वर चढून बँटमवेटची, म्हणजे सत्तावन्न किलोची तयारी केली आणि मातीत कमावलेल्या डावांना गादीच्या नियमांत बसवण्याच्या मागे ते लागले. ढाक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडून जमिनीवर फेकणे, हा त्यांचा हुकमी डाव होता. तो त्यांनी सोडून दिला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हरलेला माणूस पुष्कळदा आपले सगळेच चुकले असे धरून चालतो आणि जे उत्तम होते तेही टाकून देतो. आपल्याजवळचे काय टिकवायचे आणि काय बदलायचे, हे पारखण्यासाठी आपण कुठे कमी पडलो ते नेमके ठाऊक असावे लागते.

इथे मला माझी स्वतःची एक चूक आपल्यापुढे मांडायची आहे. मी अनेक वर्षे ग्रामीण भागात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. आमच्या शाळेतला एक गुणी मुलगा जिल्हास्तरीय स्पर्धेत गादीवर हरला. परतीच्या एसटीत तो खिडकीला डोके टेकवून गप्प बसला होता. मला त्याचे दुःख बघवले नाही आणि मी त्याला म्हणालो, “बाळा, तू हरला नाहीस, पंचांनीच चुकीचा निकाल दिला.” तो थोडा सावरला, बरोबरच्या मुलांनीही री ओढली, आणि गावात पोहोचेपर्यंत ती गोष्ट सगळ्यांना खरी वाटू लागली. पुढच्या वर्षी तोच मुलगा अगदी तसाच हरला. समोरच्याने एकेरी पट काढला, म्हणजे त्याचा एक पाय धरून ओढला, आणि तो खाली आला. त्या संध्याकाळी गावच्या तालमीतल्या वृद्ध वस्तादांनी त्याला हौद्यात उभे केले आणि एकच प्रश्न विचारला, “हात कुठं सुटला, ते दाखव.” मुलगा आठवून आठवून एकेक हालचाल करू लागला आणि चौथ्या खेपेला स्वतःच थांबला. त्याचा डावा पाय दर वेळी उगाच पुढे राहत होता. मागच्या वर्षीही तो तसाच पुढे राहिला होता, आणि पंचांना दोष देऊन मी त्याच्यापासून ती गोष्ट वर्षभर लपवून ठेवली होती. प्रेमापोटी केलेल्या त्या सांत्वनाने त्या मुलाचे एक वर्ष वाया गेले, याची बोच मला आजही आहे.

‘अपयश ही यशाची पहिली पायरी आहे’ हे वाक्य आपल्या शाळांच्या भिंतींवर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ते खोटे नाही, पण ही पायरी आपसूक बांधली जात नाही. वस्तादांनी विचारला तसा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो, आणि हरलेल्याला त्याचे उत्तर न लाजता देता यावे, इतका विश्वास त्याच्या भोवती असावा लागतो. ज्या घरात कमी गुणांची उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी दडवावी लागते, त्या घरातल्या मुलाला आपले गणित कोणत्या ओळीत चुकले हे कधीच कळत नाही.

खाशाबांना अशी माणसे लाभली, हे विसरून चालणार नाही. हेलसिंकीच्या वाटेवर अडथळे कमी नव्हते. निवडीच्या वेळी आपल्याला डावलले गेले असे त्यांना वाटले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती लढून आपली जागा मिळवली. म्हणजे जिथे खरोखर अन्याय झाला असे वाटले तिथे ते गप्प बसले नाहीत, आणि जिथे आपले कौशल्य अपुरे होते तिथे त्यांनी अन्यायाचे नाव घेतले नाही. हा विवेक मला त्या वेळी एसटीत बसून करता आला नव्हता. पुढे प्रश्न पैशाचा होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या माजी विद्यार्थ्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका पराभूत खेळाडूवर स्वतःचे घर पणाला लावणाऱ्या त्या शिक्षकाचे नाव मी जेव्हा घेतो, तेव्हा मन भरून येते.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशिई यांच्याविरुद्धची कुस्ती दीर्घकाळ चालली आणि ती त्यांनी गमावली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशी लढायला उभे केले गेले, आणि नियमावर बोट ठेवून त्यांची बाजू मांडायला त्या वेळी एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. कांस्यपदक घेऊन ते परतले, तेव्हा बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावाने त्यांचे स्वागत केले.

पुढे ते पोलीस दलात दाखल झाले. १९५६ च्या ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला दुखापत झाली आणि ती वाट तिथेच संपली. प्रत्येक धक्क्यातून माणूस पुन्हा उभा राहतोच असे नाही, हे श्रोत्यांपासून लपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तरच मिळाला.

एका मल्लाने आपल्या पराभवातून जे चार वर्षांत शिकून घेतले, ते शिकायला आपल्या व्यवस्थेला मात्र फार काळ लागला. स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ साली टेनिसमध्ये मिळाले आणि कुस्तीतले पुढचे पदक यायला २००८ साल उजाडले. मधल्या छप्पन्न वर्षांत गावोगावच्या किती तालमींतली गुणी पोरे मातीतून थेट गादीवर जाऊन तशीच हरली असतील, आणि परतीच्या गाडीत त्यांच्याशेजारी बसलेल्या माझ्यासारख्या किती जणांनी त्यांना चुकीचे उत्तर दिले असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही. आमच्या गावच्या तालमीत आता हौद्याशेजारी गादी अंथरलेली आहे. वस्ताद आज हयात नाहीत. हरून आलेले पोर तिथे अजूनही आधी हौद्यात उभे राहते आणि आपला हात कुठे सुटला, ते स्वतः करून दाखवते.

नमस्कार.