तीन वर्षे मुरलेला प्रवास

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद १९६३ च्या सप्टेंबरात अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वतीने आशियाच्या दौऱ्यावर निघाला. दमास्कस, काबूल, दिल्ली, मद्रास, मुंबई, कलकत्ता अशी शहरे घेत तो तुर्कस्तानात पोहोचला असतानाच राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि दौरा अर्ध्यावर थांबला.

या प्रवासातून आकाराला आलेली ‘फार ईस्ट स्वीट’, म्हणजे अतिपूर्वेचे नाव घेतलेली रचनामाला, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली ती थेट डिसेंबर १९६६ मध्ये. ऐकलेले सूर जसेच्या तसे उचलायचे नाहीत, ते आधी आपल्यात मुरू द्यायचे, असे एलिंग्टन यांचे धोरण होते, आणि मला या रेकॉर्डचे सगळे मोठेपण त्यातच दिसते. जगभर सतारीची लाट आलेल्या त्या दिवसांत येथे ना सतार आहे, ना तबला. ‘आग्रा’ या रचनेत ताजमहालाचा भारदस्तपणा हॅरी कार्नी यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन उभा करतो. दिल्लीच्या मुक्कामात एलिंग्टन यांचे सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यांना खोलीबाहेर ऐकू आलेली मैना ‘ब्लूबर्ड ऑफ डेल्ही’मध्ये जिमी हॅमिल्टन यांच्या क्लॅरिनेटमधून पुन्हा पुन्हा साद घालते आणि भोवतालचा वाद्यवृंद तिच्याभोवती दाटत जातो.

रेकॉर्ड १९६७ मध्ये प्रकाशित झाली, तिला मोठ्या वाद्यवृंदाच्या जॅझवादनाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि एलिंग्टन यांच्या उत्तरायुष्यातील सर्वोत्तम कामांत समीक्षक तिची गणना करू लागले. नावावर मात्र आक्षेप आला, आणि तो रास्त आहे: नऊ रचनांपैकी अतिपूर्वेशी खरे नाते फक्त जपानवरच्या शेवटच्या रचनेचे आहे, बाकी बहुतेक संगीत इराण, लेबनॉन आणि भारताचे आहे. स्ट्रेहॉर्न यांना हे पारितोषिक पाहता आले नाही. ३१ मे १९६७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

सर्वाधिक गाजलेली ‘इस्फहान’ ही त्यांचीच रचना. तिची मूळ चाल दौऱ्याआधीच वेगळ्या नावाने तयार होती, पण इराणमधल्या त्या शहराचे नाव तिला असे शोभले की आज दुसरे सुचतही नाही. जॉनी हॉजेस आल्टो सॅक्सोफोनवर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर ज्या मुलायमपणे सरकतात, ते ऐकताना आपल्या कानांना मींडेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आता तीच रचना ऐकू या.