मुलं एका खात्यात, प्रयोगशाळा दुसऱ्या खात्यात

मित्रहो, शिक्षण मंत्रालयाचा विषय निघाला की आपण प्रवेश, परीक्षा, अभ्यासक्रम यांवर येतो. मी पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. शिकणारी मुलं एका खात्याकडे आणि संशोधनाचा बराचसा पैसा भलत्याच खात्यांकडे, हे का झालं?

सुरुवातीला तसं नव्हतं. १९५२ च्या मंत्रिमंडळात मौलाना आझादांकडे शिक्षणाबरोबर वैज्ञानिक संशोधनही होतं. शास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर सीएसआयआरचे, म्हणजे सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, प्रमुख होते, आणि १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षही तेच झाले. प्रयोगशाळा आणि विद्यापीठं, दोन्हींकडे पाहणारा माणूस एकच!

पण प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्या विद्यापीठांच्या कुंपणाबाहेर. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग थेट पंतप्रधानांकडे गेला, १९७१ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभाग वेगळा झाला. पदार्थवैज्ञानिक मेघनाद साहांनी हा धोका वेळीच ओळखला होता. संशोधन विद्यापीठांतच वाढलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळच्या धुरिणांना मी दोष देत नाही. देशाला घाई होती आणि विद्यापीठांचा कारभार संथ होता. तरी मला साहांचंच पटतं. संशोधक तिकडे गेले आणि विद्यार्थी इकडे राहिले.

मंत्रालयाचं नाव १९८५ मध्ये मनुष्यबळ विकास झालं, २०२० मध्ये पुन्हा शिक्षण झालं. ही विभागणी मात्र तशीच राहिली. आयआयटी आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधनाच्या केंद्रीय संस्था) शिक्षण मंत्रालयाकडेच आहेत, तिथं उत्तम काम होतं, हे खरं. पण आपली बहुतेक मुलं राज्य विद्यापीठांना संलग्न असलेल्या महाविद्यालयांत शिकतात.

तिथं काय होतं ते सांगते. आमच्या एका प्रकल्पाचा पहिला हप्ता मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यावर जमा झाला. ३१ तारखेच्या आत खर्च दाखवून विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) पाठवायचं, नाहीतर पुढचा हप्ता अडकणार. आम्हाला हवा होता लॉक-इन ॲम्प्लिफायर, म्हणजे गोंगाटातून अगदी क्षीण विद्युत संकेत वेगळा काढून मोजणारं उपकरण. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीच्या सह्या, हे दहा दिवसांत होणं शक्यच नव्हतं. मग पुरवठादाराकडे तयार होती ती रसायनं आणि काचसामान घेतलं. एमएस्सीच्या एका मुलीने जुन्या बोर्डावर स्वतः सोल्डरिंग करून सर्किट बनवलं. दिवसा व्होल्टेज स्थिर राहत नसे, म्हणून ती पातळ फिल्मची मोजमापं संध्याकाळी सातनंतर घ्यायची. तिची वही अजून माझ्याकडे आहे. प्रत्येक पानावर वेळ आणि खोलीचं तापमान लिहिलेलं. इतकी नेटकी नोंद मी मोठ्या संस्थांतही क्वचितच पाहिली.

ही दरी बुजवायचा एक प्रयत्न मात्र मनापासून झाला. १९८४ मध्ये अनुदान आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आंतर-विद्यापीठ केंद्रांची वाट मोकळी झाली, आणि १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतर-विद्यापीठ केंद्र, उभी राहिली. आयुका लहान गावातल्या प्राध्यापकांना सहयोगी म्हणून बोलावत असे. त्यांनी तिथे राहावं, ग्रंथालय आणि संगणक वापरावा, आणि काम घेऊन आपल्या महाविद्यालयात परतावं, अशी ती योजना. असं प्रत्येक विषयात व्हायला हवं होतं!

आता २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं आहे. पंतप्रधान त्याचे अध्यक्ष, विज्ञानमंत्री आणि शिक्षणमंत्री दोघेही उपाध्यक्ष. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचं उद्दिष्ट आहे, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून उभा करायचा आहे. दोन्ही मंत्री एका मेजाशी बसणार, याचा मला मनापासून आनंद आहे. कारभार मात्र विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडेच आहे, म्हणून मी आकडा बघून थांबणार नाही. राज्य विद्यापीठांच्या किती महाविद्यालयांना प्रकल्प मिळाले, आणि पहिला हप्ता जूनमध्ये पोचला की मार्चमध्ये, हे मी दरवर्षी विचारणार आहे. तुम्हीही विचारा.