फॉर्मवर सही आईची, डोकं पोराचं

(टेक्सासमधल्या एका महाराष्ट्र मंडळात पालकांसमोर केलेलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं आवरलेलं.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या ना, पुढच्या दोन रांगा रिकाम्याच आहेत. मला चाळीस मिनिटं दिलीत आणि साडेपाचला नाटकाच्या तालमीसाठी हॉल सोडायचाय, तेव्हा नमस्कार-चमत्कार राहू द्या. विषय सेक्रेटरी काकांनी ग्रुपवर टाकलाच होता, अमेरिकन फुटबॉलमधल्या दुखापतींचा धोका पत्करण्यासारखा आहे का. आधी हात वर करा, कोणाकोणाची मुलं टॅकल फुटबॉल, म्हणजे धडकून आडवं पाडायचा तो, खेळतात? सहा, सात... आठ. आणि कोणाकोणाच्या घरी "सगळे मित्र खेळतात, मला पण खेळायचंय" हे रोज चालू आहे? बघा, अर्धा हॉल.

एक आधीच सांगून टाकते, मला हा खेळ आवडतो. पंधरा वर्षं झाली इथे येऊन, आपल्या गावात शुक्रवारी संध्याकाळी स्टेडियमचे दिवे लागले की अख्खं गाव तिथे असतं, बँडची पोरं, चीअरलीडर्स, नाचोजच्या लाइनीत आपले शेजारी, आणि ज्याला शाळेत कोणी विचारत नव्हतं त्या माझ्या मुलाला जर्सी घातल्यावर अख्खं गाव नावाने हाक मारायला लागलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा "कशाला असले रानटी खेळ, बुद्धिबळ खेळ की" असं सांगायला मी इथे उभी नाही. आपण इथे येऊन मुलांना इथलं करायचं म्हणतो ना, मग इथलं म्हणजे हेच.

आता माझी गोष्ट सांगते. मुलाला विचारूनच सांगतेय, तो म्हणाला सांग.

नववीत होता, फ्रेशमन टीम. अंगाने चांगला आडवा, त्यामुळे कोचनी त्याला लाइनवर घेतला, गार्ड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गार्ड म्हणजे टीव्हीवर ज्याच्याकडे कॅमेरा कधी जात नाही तो. बॉल त्याच्या हातात येत नाही, त्याने फक्त एक हात जमिनीला टेकवून वाकून बसायचं आणि स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू झाला, की समोरच्यावर धडकायचं, परत बसायचं, परत धडकायचं. मला ही पोझिशन ऐकून बरं वाटलं होतं, कारण पळणाऱ्याला दोघं-तिघं मिळून आडवं पाडतात ते बघून माझा जीव वर-खाली व्हायचा, हा आपला एका जागी उभा राहणार, ह्याला काय होतंय.

सप्टेंबरमधला मंगळवार. मॅच नव्हती, साधी प्रॅक्टिस, फुल पॅड्समधली. सव्वासहाला मी त्याला घ्यायला गेले, गाडीत बसला, बोलला नाही, मला वाटलं दमलाय. घरी आला, स्वयंपाकघरात दिवा लावला तर डोळ्यांवर हात. म्हणाला डोळ्यांना त्रास होतोय. मी पान वाढलं, वरणभात, भेंडीची भाजी. आजी समोरच लसूण सोलत बसल्या होत्या, रविवारीच सांगलीहून आलेल्या. हा एक घास खाऊन मला म्हणतो, "आजी कधी येणार गं?" आजी हसल्या, त्यांना वाटलं नातू गंमत करतोय, म्हणाल्या आले की रे बाबा, ही काय इथे बसलीय. तो पण हसला. मग त्याने भात कालवला, दोन घास खाल्ले आणि मान वर करून अगदी त्याच आवाजात, "आई, आजी कधी येणार?"

आजींचा हात लसणीवरच थांबला. तो हात मला अजून दिसतो.

इमर्जन्सीत गेलो. सीटी स्कॅन नॉर्मल. मी डॉक्टरांना म्हटलं, नॉर्मल आहे म्हणजे काही नाही ना? तर ती बाई माझ्या शेजारी येऊन बसली, म्हणाली, सीटीत रक्तस्राव दिसतो, कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, सीटीत दिसत नाही. आणि त्याच वेळी हा पडल्या पडल्या मला सांगतोय, "आई, कोचला सांगू नको." दुसऱ्या दिवशी कोचचा फोन आला, की काल त्याच्या डोक्यात जरा घंटा वाजली होती, पण टफ मुलगा आहे. माणूस वाईट नव्हता हो, मुलांवर जीव होता त्याचा, पण तो स्वतः ज्या मैदानावर वाढला तिथे डोक्याला मार लागण्याला हेच म्हणायचे, घंटा वाजली. पुढे महिनाभर अंधाऱ्या खोलीत, फोन नाही, अल्जिब्रा नाही, दोन ओळी वाचल्या की उलटीची भावना. आणि तिसऱ्या आठवड्यात एका रात्री त्याने सांगितलं की ही तिसरी वेळ. ऑगस्टपासून दोनदा डोळ्यांसमोर चांदण्या आल्या होत्या, बोलला नाही, कारण बोललं तर जागा जाते. चौदा वर्षांचं पोर, जागा जाईल म्हणून डोकं लपवतंय.

आणि ह्या सगळ्याला परवानगी कोणी दिली होती? मी. जुलैमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजत, फोनवर, अकरा चौकोनांत टिक. त्यातला एक चौकोन होता, "कन्कशनची माहिती वाचली आणि समजली." टेक्सासमध्ये 2011 पासून हा कायदा आहे, पालकांची सही लागते, शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचं आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. हा कायदा फुकट आलेला नाही. वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट नावाचा तेरा वर्षांचा मुलगा 2006 मध्ये डोक्याला मार लागल्यावर त्याच मॅचमध्ये परत उतरला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला, जन्माचं अपंगत्व आलं. त्याच्या नावाने 2009 मध्ये पहिला कायदा झाला, मग एकेक करत सगळ्या राज्यांत. एका पोराच्या आयुष्याची किंमत देऊन आलेला तो चौकोन, आणि मी तो न वाचता टिक केला.

तर "धोका मान्य आहे का" हा प्रश्न मला सगळ्यात आधी इथे बोचतो. मान्य कोणाला? सही माझी, डोकं त्याचं.

आता हेल्मेट. इथले अर्धे बाबा मला सांगतात, अहो आता कसली भारी हेल्मेटं आलीत, साडेचारशे डॉलरचं घेतलंय. घ्या, जरूर घ्या, हेल्मेटमुळे कवटी फुटायची वाचते. पण आपण लहानपणी एसटीने प्रवासाला निघताना स्टीलच्या डब्यात दही न्यायचो, आठवतंय? डब्याला ओरखडासुद्धा नाही, झाकण घट्ट, आणि उघडलं की आत दह्याचं पाणी वेगळं. मेंदू कवटीत पाण्यात तरंगतो. बाहेरून डबा कितीही जाड करा, पळता पळता गचकन थांबलं की आतलं हलणारच.

हे कळायला किती वेळ लागला बघा. माइक वेबस्टर, पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, म्हणजे माझ्या मुलाच्या शेजारची पोझिशन, चार सुपर बोल जिंकलेला माणूस, शेवटी शेवटी स्वतःच्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा, काही सुधरायचं नाही. 2002 मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. शवविच्छेदनाला होते डॉक्टर बेनेट ओमालू, नायजेरियातून आलेले, फुटबॉलशी काही देणंघेणं नसलेले. मेंदू वरून साधा दिसत होता. दुसरा कोणी असता तर विषय संपवला असता, ह्या माणसाने तो जपून ठेवला, स्वतःच्या खिशातून पैसे घालून स्लाइड्स करून घेतल्या, आणि त्यात टाऊ नावाच्या प्रोटीनच्या गाठी सापडल्या. सीटीई, डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार. 2005 मध्ये पेपर छापून आला तर एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या, मेंदूच्या कमिटीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. त्या कमिटीचे प्रमुख कोण होते, तर संधिवाताचे डॉक्टर! आणि फुटबॉलचा सीटीईशी संबंध आहे हे एनएफएलच्या मोठ्या अधिकाऱ्याने उघडपणे मान्य केलं 2016 मध्ये. अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत डेव्ह ड्यूरसन हा माजी खेळाडू गेला, त्याने छातीत गोळी घातली आणि मेंदू तपासायला द्या असं लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी ज्युनियर सेओ, तोही माजी खेळाडू, त्यानेही छातीतच गोळी घातली.

एवढं बोललेच आहे तर हेही ऐका, कारण हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप नव्हती. पुढे कोर्टात एनएफएलशी समझोता झाला, माजी खेळाडूंना भरपाई द्यायची. मेंदू किती घसरला हे मोजताना सूत्रच असं लावलं की काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळात कमीच धरायची, म्हणजे घसरण कमी दिसणार आणि पैसे मिळणं अवघड. 2021 मध्ये बोंब झाली तेव्हा ते बंद करायचं कबूल केलं. दोन हजार एकवीस! खेळताना डोकं सगळ्यांचं सारखं, भरपाईला वेगळं.

काय? पंधरा... दहाच मिनिटं? बरं बरं. मुख्य मुद्दा राहिलाय, भरभर सांगते.

टीव्हीवर दिसतो तो धोका वेगळा. जानेवारी 2023 मध्ये एनएफएलचा डमार हॅमलिन सिनसिनाटीला मैदानात कोसळला, छातीवर नेमक्या क्षणी आघात बसला, हृदय बंद. तो वाचला, पुन्हा खेळलासुद्धा, कारण मिनिटाच्या आत छाती दाबणारे हात आणि शॉक देणारं मशीन शेजारी होतं. तुमच्या मुलाच्या मंगळवारच्या प्रॅक्टिसला ते मशीन कुठे असतं, विचारलंय कधी? पण माझी खरी भीती रोजच्या छोट्या धडकांची आहे, ज्यांनी चक्कर येत नाही, चांदण्या दिसत नाहीत, कोणी मोजत नाही. बोस्टन युनिव्हर्सिटीने 2017 मध्ये 111 एनएफएल खेळाडूंचे मेंदू तपासले, 110 मध्ये सीटीई. ह्याचा अर्थ खेळणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना होतो असा काढू नका, बहुतेक ज्या घरांत त्रास दिसला त्यांनीच मेंदू दान केले होते. पण त्यांचंच 2019 चं काम आहे, की खेळण्याचं प्रत्येक वर्ष वाढलं की सीटीईची शक्यता साधारण 30 टक्क्यांनी वाढते. म्हणजे हे उन्हासारखं आहे, साठत जातं. आणि जिवंतपणी खात्रीची तपासणी अजून नाही.

कोणी म्हणेल क्रिकेटमध्ये फिलिप ह्यूज गेला ना. गेला, आणि अजून वाईट वाटतं. पण क्रिकेटमध्ये बॉल मानेवर बसणं हा अपघात, इथे गार्डने प्रत्येक स्नॅपला धडकणं हेच त्याचं काम.

"खेळ असाच आहे" हे मात्र मला पटत नाही. 1905 मध्ये इतकी पोरं मेली की प्रेसिडेंट रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला व्हाइट हाउसवर बोलावलं, आणि पुढच्या वर्षी फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकायची मुभा, आला. आज ज्यासाठी आपण टीव्हीपुढे उड्या मारतो तो पास त्या काळजीतून आलाय! 1968 मध्ये एका वर्षात 36 मृत्यू, 1976 मध्ये डोकं पुढे करून टॅकल करायला बंदी, आकडा उतरला. डार्टमथ कॉलेजच्या कोचने 2010 मध्ये प्रॅक्टिसमधलं टॅकलिंगच बंद केलं, मुलं डमीवर शिकायची, तरी टीम जिंकायला लागली, आणि 2016 मध्ये अख्ख्या आयव्ही लीगने, म्हणजे डार्टमथ, हार्वर्ड, येल वगैरे जुन्या विद्यापीठांच्या गटाने, सीझनमध्ये ते उचललं.

तर माझं मत. मोठ्या माणसाने सगळं कळून सही केली, मालकाने काही लपवलं नाही, नंतरच्या उपचाराचं बघितलं, तर तो धोका त्याचा, मला मान्य. एनएफएलमधल्या क्रिस बोरलंडसारखा कोणी चोविसाव्या वर्षी एक सीझन खेळून 2015 मध्ये सोडून गेला, तेही मान्य. चौदाच्या आत टॅकल, मला मान्य नाही, कोणीही काहीही म्हणो. आपल्याकडे दहीहंडीत चौदाच्या आतला गोविंदा थरावर चढवायचा नाही हे 2017 मध्ये मुंबई हायकोर्टासमोर ठरलं, तेव्हा आपल्यातलेच लोक म्हणत होते परंपरा बुडाली, आणि हंडी अजून जोरात फुटतेय. लहान मुलांना फ्लॅग खेळू द्या, त्यात आडवं पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची, तोच बॉल, तेच पास, 2028 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलही आहे. चौदा ते अठरा, तिथे कोचला जाऊन विचारा, आठवड्यात किती दिवस फुल कॉन्टॅक्ट, अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारा, प्रॅक्टिसला हजर असतो का, मशीन कुठे आहे आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे. उत्तर देताना कोच चिडला तर तेच उत्तर समजा.

हो काका, झालंच, दोन मिनिटं.

माझा मुलगा अकरावीत परत खेळला. हो, खेळला. सोळा वर्षांचा होता, डॉक्टरांबरोबर बसून त्याने सगळं वाचलं, दीड तास, मी बाहेर बसले होते. बाहेर आला आणि म्हणाला, आई, एक सीझन, आणि काही झालं तर मी स्वतः सांगेन, लपवणार नाही. ह्यावेळी सही करताना तो शेजारी होता आणि प्रत्येक चौकोन आम्ही मोठ्याने वाचला. तो सीझन दर शुक्रवारी मी स्टँडमध्ये वही घेऊन बसायचे आणि तो प्रत्येक वेळी वाकून बसून धडकला की एक रेघ मारायचे, आपण दुधाचा हिशोब ठेवतो तसं. ही बघा ती वही. दहा मॅचेस, 547 रेघा, आणि ह्यात प्रॅक्टिस धरलेली नाही. त्याने हिवाळ्यात ही वही चाळली, शेवटच्या पानापर्यंत, आणि बारावीत नाव दिलं नाही. मी काही बोलले नव्हते. ज्यांना बघायचीय त्यांनी चहाच्या वेळी बघा, मी दाराजवळच थांबतेय, आणि तालमीवाल्यांनो, या, खुर्च्या मी लावू लागते.