नऊ नंबर डावीकडे, ड्रायव्हर उजवीकडे
(सातारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

साताऱ्यात गोल्फवर व्याख्यान ठेवलंय म्हटल्यावर काहींनी मला विचारलं, ऐकायला येणार कोण? आता समोर बघतो तर निम्मे चेहरे निवृत्त फौजींचे आहेत. आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत, घराघरातून माणूस फौजेत गेलेला. आणि मोठ्या छावणीत गोल्फचं मैदान असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे हातात क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी आली, खेळाची गोडी लागली. पेन्शनीत निघून गावी आलात आणि बॅग माळ्यावर गेली. ती खाली उतरावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज स्विंगमधल्या, म्हणजे क्लब फिरवण्यातल्या दोषांवरच बोलतो. बॅग माळ्यावर जाते ती वेळ नाही म्हणून कमी, चेंडू ऐकत नाही म्हणून जास्त.

दिवाळीनंतर एक सुभेदारसाहेब माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, नऊ नंबरचं आयर्न डावीकडे जातंय आणि ड्रायव्हर उजवीकडे पळतोय. आधी कुठलं धरू?" आयर्न म्हणजे धातूच्या पातळ तोंडाचा आखूड क्लब, ड्रायव्हर म्हणजे दूर मारायचा सगळ्यात लांब क्लब. मी म्हटलं, साहेब, ही दोन दुखणी नाहीत. एकच आहे.

हे नीट समजून घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल बोलतोय. डावखुऱ्यांनी उलट धरावं. चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः ठोका बसताना क्लबचं तोंड कुठे बघतंय त्यावर ठरतं. पूर्वी शिकवणारे नेमकं उलट सांगायचे, की क्लब ज्या दिशेने फिरला तिकडे चेंडू निघतो. रडारने मोजायला लागल्यावर ते चुकीचं ठरलं. चेंडू हवेत वळतो तो मात्र तोंड आणि वाट, म्हणजे क्लब फिरण्याची दिशा, यांच्यातल्या फरकामुळे. वाट डावीकडे चालली आहे आणि तोंड त्या वाटेच्या मानाने उजवीकडे उघडं आहे, तर चेंडू उजवीकडे वळणार. हाच स्लाइस.

आता सुभेदारसाहेबांचा क्लब दोन्ही वेळा बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून आपल्या अंगाकडे येत होता, खांदे आधी फिरायचे आणि हात त्यांच्या मागून ओढले जायचे. मग आयर्न डावीकडे का आणि ड्रायव्हर उजवीकडे का? नऊ नंबरचं तोंड साधारण ४० अंश मागे झुकलेलं, ड्रायव्हरचं १० च्या आसपास. नऊ नंबर चेंडूला भरपूर उलटी फिरकी देतो, त्या फिरकीत बाजूची थोडी फिरकी विरून जाते. ड्रायव्हरमध्ये उलटी फिरकी कमी, म्हणून तेवढाच दोष ठळक होतो. चिमूटभर मीठ घागरभर पाण्यात टाका, कळणारही नाही. तेच पेल्यात टाका. शिवाय नऊ नंबर आखूड, त्याचं तोंड वेळेत मिटतं, चेंडू निघतो तोच डावीकडे. लांब ड्रायव्हरचं तोंड मिटायला उशीर होतो, ते उघडंच राहतं.

इथे आपण सगळे एकाच खड्ड्यात पडतो. मीही पडलो, दोन वर्षं पडून होतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून मी डावीकडे नेम धरायला लागलो. जितका डावीकडे उभा राहीन तितका क्लब आणखी बाहेरून आत येई, तितका चेंडू आणखी उजवीकडे वळे. मला शिकवणारे गृहस्थ दर वेळी एकच सांगत, "डोकं खाली ठेवा." मी डोकं खाली दाबून ठेवलं, त्यामुळे वजन उजव्या पायावर अडकलं, आणि स्लाइस होताच, वर आयर्न जमिनीत रुतायला लागलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण स्विंगकडे बघून औषध देण्याआधी चेंडूकडे आणि मातीकडे बघायला हवं होतं.

मातीकडे कसं बघायचं ते सांगतो. खो-खोचं मैदान आखायला आपण चुन्याची फक्की मारतो ना, तशी एक रेघ जमिनीवर मारा. चेंडू ठेवू नका. रेघ दोन पायांच्या मध्यापेक्षा जराशी डाव्या पायाकडे, सात नंबर घ्या आणि स्विंग करा. मातीची ढलपी रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला निघाली पाहिजे, कारण आयर्नचा ठोका चेंडूला आधी बसतो आणि जमिनीला नंतर. ढलपी रेघेच्या मागे निघाली तर वजन मागे राहिलंय. चेंडूच्या आधी जमीन लागली की तो शॉट फॅट, आणि जमिनीला चाटून वर येणारी कड चेंडूच्या पोटाला लागली की थिन. दिसायला उलटे, कारण बहुतेक वेळा एकच. ढलपीची दिशाही बघा. ती डावीकडे बोट दाखवत असेल तर क्लब बाहेरून आत आला.

वजनाचं तुम्हाला वेगळं शिकवायला नको. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे. लहानपणी मातीत लोळलेला कुठलाही पोरगा सांगेल, मागच्या पायावर बसून कुणाला पट काढता येत नाही. स्विंग संपला की उजवा पाय उचलून बघा. सहज उचलला गेला तर वजन पोचलं. तोल गेला तर नाही पोचलं.

आयर्नचा चेंडू तिरका जाऊन पार उजवीकडे उडाला, म्हणजे शँक झाला, तर चेंडू क्लबच्या मानेला, दांडा जोडतो तिथे, लागलाय. बहुतेकदा वजन पायाच्या बोटांवर येऊन शरीर चेंडूकडे सरकलेलं असतं. थोडं मागे, टाचांकडे. तेवढं पुरतं.

ड्रायव्हरवर मात्र मी जरा थांबणार आहे. पहिली गोष्ट, तोंडावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा आणि पाच चेंडू मारा. ठसे टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला उमटत असतील, तर तोंड सरळ असूनही चेंडू उजवीकडे वळेल. टोकाकडे लागला तर डावीकडे. कित्येकांचा स्लाइस इथेच सापडतो आणि ते बिचारे मनगटं बदलत बसलेले असतात.

दुसरी गोष्ट, चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत आणि टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, एवढी उंच की निम्मा चेंडू क्लबच्या माथ्यावर दिसावा. ड्रायव्हर जमिनीकडे मारायचा नसतो, तो वर चढता चढता चेंडूला भेटला पाहिजे. पण चेंडू इतका पुढे ठेवला की त्याच्याकडे हात नेताना उजवा खांदाही पुढे येतो, पाय सरळ आणि खांदे डावीकडे. स्विंग सुरू व्हायच्या आधीच वाट बिघडते. उभे राहिलात की एक क्लब छातीवर आडवा धरा आणि तो कुठे बोट दाखवतोय बघा. सुभेदारसाहेबांचा क्लब बाजूच्या विहिरीकडे बघत होता.

तिसरी गोष्ट पकड, आणि दुरुस्तीची सुरुवात इथूनच करा. कुदळ किंवा बॅट धरायची सवय असलेला माणूस क्लब तळहातात धरतो. तो बोटांत धरायचा. वरून बघितलं की डाव्या हाताची किमान दोन पेरं दिसली पाहिजेत, आणि अंगठा व तर्जनी यांची घडी उजव्या खांद्याकडे जायला हवी. वाट आधी सुधारायला जाऊ नका. तोंड उघडं आहे तोवर तुमचा हात डावीकडे ओढणं सोडणार नाही, कारण त्याला चेंडू उजवीकडे जाताना दिसतोय.

सुभेदारसाहेबांची पकड आम्ही बदलली, ते सोयाबीन काढलेल्या त्यांच्याच रानात. उजव्या अंगाला ऊस, आणि त्या उसात किती चेंडू गेले होते ते त्यांच्या नातवालाच ठाऊक. नव्या पकडीने पहिले चार ड्राइव्ह थेट डावीकडे गेले. साहेब वैतागले. "आता हे आणखी एक!" मी म्हटलं, हेच हवंय, मारत राहा. चेंडूच्या थोडं मागे आणि पलीकडच्या अंगाला, ड्रायव्हर जेमतेम सुटेल एवढी जागा ठेवून, चपलेचा रिकामा खोका ठेवला, बाहेरून आलात तर खोका उडेल म्हणून. दोनदा उडाला. मग हाताला कळलं, की आता डावीकडे ओढायची गरज नाही. नववा चेंडू जरा उजवीकडून निघाला आणि मधोमध उतरला, पाठोपाठ आणखी तीन.

मारणं थांबलं तसा नातू बादली घेऊन सवयीने उसाकडे निघाला. आजोबांनी मागून हाक मारली, "आरं, तिकडं न्हाई."