टीआरपीचा मीटर आणि सोफ्यावर बसलेली माणसं

नमस्कार मंडळी. टीव्हीबद्दल बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो, की अहो, आमच्या घरी ते टीआरपीचं यंत्र कधी आलं नाही, सोसायटीत कुणाकडे नाही, नात्यागोत्यात कुणाकडे नाही, मग लोकांना हेच आवडतं हे ठरवतं कोण? प्रश्न रास्त आहे. मी बरीच वर्षं मीडिया प्लॅनिंगमध्ये काढली, म्हणजे कुठल्या साबणाची जाहिरात कुठल्या मालिकेत टाकायची हे ठरवणाऱ्या खात्यात, त्यामुळे आज मालिकांच्या गुणवत्तेवर बोलणार नाही, हिशेबावर बोलतो. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, की मालिका रटाळ का होतात याचं उत्तर लेखकाच्या डोक्यात कमी आणि त्या मीटरमध्ये जास्त आहे.

तर मीटर. टीव्हीवर काय किती बघितलं जातं हे मोजायचं काम २०१५ पासून बार्क नावाची संस्था करते, त्याआधी टॅम नावाची कंपनी करायची. बार्कचे मालक कोण, तर ६० टक्के चॅनलवाल्यांची संघटना, २० टक्के जाहिरातदारांची आणि २० टक्के जाहिरात एजन्सींची. म्हणजे मोजणारे तेच, विकणारे तेच, विकत घेणारेही तेच. प्रेक्षकांचा त्यात एक टक्कासुद्धा नाही, आणि तसं बघायला गेलं तर का असावा, कारण या बाजारात प्रेक्षक हा गिऱ्हाईक नाहीच, प्रेक्षक हा माल आहे. गिऱ्हाईक म्हणजे साबणवाला, तेलवाला, मसालेवाला.

२०२० च्या सुमाराचे आकडे सांगतो. देशात टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी, आणि मीटर बसवलेली घरं ४४ हजार. नंतर ती वाढली, पण अंदाज यावा म्हणून सांगतो, तेव्हा एक मीटर सरासरी पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलायचा. आता यावर लोक लगेच म्हणतात की हा तर फ्रॉड आहे, तसं नाही हं, सॅम्पल नीट निवडलं तर एवढ्यातही मोठ्या चॅनलचा अंदाज ठीक येतो. लोचा होतो तो छोट्या चॅनलचा. इंग्रजी बातम्या बघणारी घरं मुळातच मूठभर, त्यातली पाच-दहा घरं इकडची तिकडे झाली की नंबर एक आणि नंबर तीनची अदलाबदल.

घरं निवडतात कशी, ही गोष्ट मला फार मजेशीर वाटते. तुमचा पगार कोणी विचारत नाही, कारण पगार कोणी खरा सांगत नाही. त्याऐवजी ११ गोष्टींची यादी असते. वीज, पंखा, गॅस, टू-व्हीलर, कलर टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी, एसी आणि शेतजमीन. यातलं घरात काय काय आहे आणि घरातला मुख्य कमावता माणूस किती शिकलाय, या दोन उत्तरांवरून तुमचं घर सगळ्यात वरच्या ए-वन पासून सगळ्यात खालच्या ई-थ्री पर्यंत कुठल्यातरी खणात जाऊन बसतं. तुम्ही वाचता काय, मत कुणाला देता, भांडता कशावरून, याच्याशी काही घेणंदेणं नाही. साबणवाल्याला तेवढं पुरतं.

मग ते यंत्र येतं. चॅनलच्या आवाजात एक न ऐकू येणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो, म्हणजे टीव्हीवर काय लागलंय हे त्याला कळतं. पण बघतंय कोण हे नाही कळत. त्यासाठी वेगळा रिमोट, घरातल्या प्रत्येकाला एक बटण. टीव्हीसमोर बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की परत दाबायचं. दोन वर्षांवरचं प्रत्येक माणूस धरतात, अगदी दुपट्यातून नुकतं बाहेर आलेलं पोरसुद्धा प्रेक्षक! आता तुम्हीच सांगा, कुकरची शिट्टी झाली म्हणून उठलेली बाई आधी बटण दाबेल का? आजोबा घोरतायत, त्यांचं बटण चालू, म्हणजे आजोबा मालिका बघतायत. बरं, बाई स्वयंपाकघरात असली तरी मालिका सोडत नाही, ती ऐकते. म्हणून तर आपल्या मालिकांमध्ये सगळं बोलून दाखवतात, ढॅण ढॅण म्युझिक असतं, आणि फोनवर बोलणारी सून समोरच्याचं वाक्य परत म्हणते, ‘काय? घराचे पेपर सासूबाईंच्या कपाटात?’ लोक हसतात याला, मी नाही हसत, भाजी चिरताना गोष्ट कळली पाहिजे ही साधी गरज आहे ती.

आता खरी गंमत. रेटिंग, म्हणजे तुमचा तो टीआरपी, किती लोकांनी मालिका बघितली हे सांगतो असं आपण समजतो. तसं नसतं, ती दर मिनिटाची सरासरी असते. दोन लाख लोक आले आणि अर्ध्यात उठून गेले, किंवा एकच लाख आले आणि पूर्ण अर्धा तास बसले, हिशेब सारखाच. म्हणजे मीटरला आवडणं कळत नाही, फक्त न उठणं कळतं. रडू आलं म्हणून बसलात का रिमोट सापडला नाही म्हणून बसलात, त्याला काय त्याचं. आणि एकदा न उठण्यावर पैसे मिळायला लागले की गोष्ट आपोआप त्या बाजूला कलते. गुपित उघड होणार होणार म्हणून तीन आठवडे, लग्न एक आठवडा, हळद वेगळी, मेंदी वेगळी, मग रविवारी महाएपिसोड. दर गुरुवारी आकडे येतात आणि त्या दिवशी चॅनलच्या ऑफिसात अक्षरशः निकाल लागल्यासारखं वातावरण असतं, लेखकाला संध्याकाळी फोन जातो की त्या काकूचं कॅरेक्टर चाललंय, तिला वाढवा, आणि बिचारी काकू पुढच्या महिन्यात कटकारस्थानं करायला लागते. निर्मात्याला सहसा दर भागाचे ठरलेले पैसे मिळतात, हक्क चॅनलकडे, त्यामुळे तोही वाद घालत नाही.

पैशाचं म्हणाल तर ही नाळ जुनी आहे. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ ला सुरू झाल्या, पण मालिका आणि माल यांची गाठ खरी पडली १९८४ मध्ये, ‘हम लोग’ला मॅगीवाल्यांनी स्पॉन्सर केलं तेव्हा. दोन मिनिटांचे नूडल्स तेव्हा नवीन होते, ते कुणाला माहीत नव्हते, आणि मालिकेमुळे घराघरात पोचले. आजचं मशीन त्याचंच मोठं रूप. जाहिरात १० सेकंदांच्या भावाने विकली जाते, तासाला १० मिनिटं जाहिराती आणि २ मिनिटं स्वतःच्या चॅनलच्या जाहिराती असा नियम आहे, तो आला तेव्हा चॅनलवाले कोर्टात गेले. मग वेळ कमी पडतो म्हणून जाहिरात गोष्टीत शिरते. सासूसुनेचं कडाक्याचं भांडण चाललंय आणि मध्येच सून मसाल्याचं पाकीट लेबल कॅमेऱ्याकडे करून ओट्यावर ठेवते आणि दोन ओळी त्याच्या सुवासावर बोलते. ते पाकीट कुठल्या बाजूने धरायचं यावर मी मीटिंगा बघितल्यात.

म्हणून नवीन भाग थांबणं यांना परवडत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्च ते जुलै जुने भाग दाखवावे लागले, सवय तुटते म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं. म्हणून २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात परत शूटिंग बंद झाल्यावर मराठी मालिकांची अख्खी युनिटं गोव्यात गेली, मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली तर पुढे सिल्वासा, दमण. कोल्हापूरच्या वाड्यात राहणारं कुटुंब अचानक नारळाच्या झाडांखाली रिसॉर्टमध्ये भांडत होतं, आणि लोकांनी तेही बघितलं.

एक गोष्ट मात्र मीटरच्या बाजूने सांगतो. २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत आठवड्याच्या आकड्यांत गावं नव्हतीच. शहरांवरून देश ठरवायचे. गावाकडचे मीटर आले आणि एका आठवड्यात यादी उलटीपालटी झाली, दूरदर्शनच्या फ्री डिश छत्रीवरची फुकट चॅनलं, जी आमच्या ऑफिसात कोणी ढुंकून बघत नव्हतं, ती वर. माझ्याबरोबरच्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. मला ती त्या धंद्यातली सगळ्यात चांगली घटना वाटते, कारण जी माणसं आधीपासून बघत होती ती पहिल्यांदा कागदावर आली.

टीआरपी घोटाळ्याचं विचारणार हे माहितीय. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की काही मीटरवाल्या घरांना महिन्याला चारपाचशे रुपये देऊन ठरावीक चॅनल लावून ठेवायला सांगितलं जात होतं. बार्कने बातम्यांच्या चॅनलचे आकडे थांबवले ते २०२२ च्या मार्चमध्ये परत आले, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. खटला पुढे सरकारने मागे घेतला. त्यात कोण दोषी यावर मी बोलणार नाही, पण रक्कम बघा. शेकडो कोटींची जाहिरात ज्या आकड्यावर ठरते, तो हलवायला महिना पाचशे रुपये लागतील असं कुणाला वाटू शकलं, यातच सगळं आलं.

आता प्रश्न घेऊ. फोनवर बघणाऱ्यांचं काय, असं या दादांनी विचारलंय. तिथे मीटर लागतच नाही, ॲपला तुम्ही कुठल्या सेकंदाला कंटाळलात हेही कळतं, फक्त ते आकडे ॲपवाला स्वतःकडे ठेवतो आणि त्याला हवे तेवढेच बाहेर सांगतो, त्यामुळे टीव्ही आणि फोन एका तराजूत घालायचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आणि या ताई बेळगावहून आल्यात, त्या म्हणतायत की आमच्या गल्लीत रोज रात्री मराठीच मालिका लागते, मग आम्ही कुठे मोजले जातो? ताई, मराठी चॅनलचा जो आकडा जाहिरातदार बघतो तो ‘महाराष्ट्र-गोवा’ या मार्केटचा. बेळगाव कर्नाटकच्या मार्केटमध्ये. म्हणजे तुमच्याकडे मीटर बसला आणि तुम्ही रोज तीन तास मराठी बघितलंत तरी त्या मुख्य आकड्यात एक दशांशही हलणार नाही. तेच इंदूरचं, बडोद्याचं. केबलवाल्याला मात्र चॅनलचे पैसे तुम्ही पुण्यातल्या माणसाइतकेच देता, आणि त्यातला वाटा चॅनलला जातो. मालिकेत सीमाभागातलं घर, तिथली भाषा का दिसत नाही असं तुम्ही मघाशी चहाच्या वेळी विचारत होतात ना, त्याचं एक कारण हे आहे.