उसवण्याआधी

मैत्रिणींनो, आणि मागे बसलेल्या दोघा मित्रांनो,

हा निळा स्वेटर मी मुद्दाम आणलाय. पुढच्या रांगेपासून मागपर्यंत फिरू द्या. ताणून बघा, उलटा करून आतून बघा. याच्या छातीवर सहा-सहा टाक्यांच्या तीन वेण्या आहेत. मधल्या वेणीचा एक पीळ चुकला होता. बाकी सगळीकडे डावीकडचे तीन टाके उजवीकडच्या तिघांच्या अंगावरून जातात, त्या एका ठिकाणी ते खालून गेले होते. टाके बंद झाले, बाह्या जोडल्या, स्वेटर धुतला, वाळवला, आणि घडी घालताना मला ते दिसलं. एकदा दिसल्यावर त्या स्वेटरमध्ये दुसरं काही दिसेना. अडीच महिन्यांचं काम होतं.

विणणाऱ्या प्रत्येकीवर ही वेळ येते. अशा वेळी हात आपोआप शेवटच्या गाठीकडे जातो. गाठ सोडायची, धागा ओढायचा, सगळं उसवायचं. आज मला सांगायचंय ते एवढंच, की तो हात जरा थांबवा. चूक जिथे झाली तिथल्या तिथे दुरुस्त करता येते, वस्तू पूर्ण झाल्यावरसुद्धा. त्यासाठी विणीत धागा कसा फिरतो ते डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे.

मी लहान असताना माझ्या आत्याने काकांचा एक पूर्ण झालेला स्वेटर उसवला होता. खालच्या बॉर्डरनंतर चौथ्या की पाचव्या ओळीत एक टाका सुलटऐवजी उलट पडला होता. वर अख्खं अंग विणलेलं. ती दिव्याखाली बसून धागा ओढत होती आणि मी समोर दोन्ही हात पुढे करून लड धरून बसले होते. बराच वेळ ती एक शब्द बोलली नाही. माझे हात भरून आले, पण मला ते म्हणायची हिंमत झाली नाही. ती लोकर पुढे कधीच विणली गेली नाही, पेटीत तशीच राहिली. तो एक टाका क्रोशाच्या सुईने थोड्या वेळात सुलट करता आला असता. तिला ते कुणी दाखवलं नव्हतं. आपल्याकडे विणायला सगळे शिकवतात, दुरुस्त करायला कुणी बसवून शिकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता जरा धाग्याकडे येऊ. आपण घोंगडीही विणतो, खाटही विणतो आणि स्वेटरही विणतो. क्रियापद एकच. पण घोंगडीत उभे धागे वेगळे, आडवे वेगळे, आणि ते एकमेकांना काटकोनात धरून ठेवतात. स्वेटरमध्ये एकच धागा असतो, आणि तो आडवा जातो. जाता जाता प्रत्येक ठिकाणी खालच्या ओळीतल्या फासातून नवा फास काढतो. म्हणजे प्रत्येक टाक्याला खालून एका टाक्याचा आधार असतो आणि वरच्या टाक्याने त्याला धरून ठेवलेलं असतं. शेजारच्या टाक्याशी त्याचं नातं फक्त धागा पुढे गेला एवढंच. त्यामुळे टाका सुटला की तो सरळ खाली पळतो, आडवा पसरत नाही. आणि स्वेटर शेवटच्या ओळीकडून सरसर उसवतो, सुरुवातीच्या कडेने तसा उसवत नाही. तिथे प्रत्येक टाक्यातून टोक ओढून काढावं लागतं.

हा फरक मी नुकसान सोसून शिकले. माझ्या मुलाच्या स्वेटरचं कोपर फाटलं होतं. मला वेळ नव्हता, म्हणून बाहेर एका ठिकाणी रफूला दिलं. रफू सुरेख होता, अगदी बारीक, उभेआडवे धागे एकमेकांत नीट घातलेले. पण स्वेटरचं कापड ताणलं जातं आणि तो रफू ताणला जात नव्हता. दोन आठवड्यांत त्या चौकोनाच्या कडेकडेने टाके तुटले आणि भोक होतं त्याच्या दुप्पट झालं. विणीला विणीसारखंच दुरुस्त करावं लागतं.

सगळ्यात जास्त विचारला जातो तो सुटलेला टाका. इथे आधी एक गोष्ट ओळखा. सुटलेले टाके दोन जातीचे असतात. पहिल्या जातीत टाका विणला गेला होता, नंतर खिळ्याला अडकून तुटला किंवा बंद करताना निसटला, आणि खाली पळाला. तिथे शिडीसारखे आडवे धागे दिसतात. त्या प्रत्येक पायरीत एका टाक्याची पूर्ण लोकर आहे. क्रोशाची सुई घ्या, खालचा मोकळा फास तिच्यावर घ्या, त्याच्या लगेच वरची पायरी आकड्यात पकडा आणि फासातून बाहेर ओढा. झाला एक टाका. मग पुढची पायरी. सुलट बाजूने हे करायचं. उलट टाका हवा असेल तर कापड पालथं करा आणि तेच करा. पायरी सोडून वरची पकडली तर मागे एक सैल धागा लोंबतो, म्हणून घाई नको.

दुसरी जात फसवी असते. विणत असतानाच टाका सुईवरून पडला, तुम्हाला कळलं नाही, आणि वरच्या तीस-चाळीस ओळी त्याच्याशिवाय विणल्या गेल्या. तिथे वर शिडी नसतेच. शेजारचे टाके सरकून जवळ आलेले असतात. अशा फासाला वर चढवायला गेलात तर शेजारच्यांची लोकर ओढली जाते आणि तिथे एक घट्ट सुरकुती पडते, धुतली तरी न जाणारी. तो टाका आहे तिथेच राहू द्या. पळू नये म्हणून आधी त्यात सेफ्टी पिन घाला. मग त्याच लोकरीचा वीतभर तुकडा घेऊन फासातून ओवा, मागच्या बाजूला नेऊन शेजारच्या टाक्यांत दोन-तीनदा फिरवून पक्का करा. समोरून बारीकशी खूण राहील, पण तो फास तिथेच बांधलेला राहील.

रंगाची चूक त्या मानाने सोपी. नक्षीत एका टाक्याला पांढऱ्याच्या जागी तांबडा आला असेल, तर स्वेटर शिवायची बोथट, मोठ्या नेढ्याची सुई घ्या, तिच्यात पांढरी लोकर ओवा आणि त्या टाक्याच्या मार्गावरून हुबेहूब फिरवा. टाक्याच्या तळाशी वर या, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून जा, पुन्हा तळाशी उतरा. टाक्यावर टाका बसतो. विरलेल्या कोपरावर, भोक पडायच्या आधी हे केलं, तर स्वेटर आणखी काही वर्षं चालतो.

आता कात्री. मी कात्री काढली की समोरच्यांचे चेहरे उतरतात, म्हणून आधी एक सांगते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या फेअर आयल या लहानशा बेटाच्या नावाने रंगीत नक्षीचे स्वेटर जगभर ओळखले जातात. तिकडच्या बायका अंग नळीसारखं गोल विणतात आणि पुढून उघडा स्वेटर हवा असेल तर ती नळी मधोमध, खालपासून वरपर्यंत, कात्रीने कापतात. त्यासाठी मध्ये काही जादा टाके विणलेले असतात. तिथल्या मेंढीची लोकर केसाळ असते, टाके एकमेकांना चिकटून राहतात. आणि मघाशी म्हटलं तसं, टाका आडवा पळतच नाही. त्यांच्याकडे ही रोजची गोष्ट आहे. आपण तर एकच धागा कापणार आहोत.

मुलाची उंची वाढली, बाही आखूड झाली. किंवा अंगाचा खालचा तळहातभर भाग विणताना सुई जाड घेतली गेली आणि तो फुगला. वर सगळं ठीक आहे. अशा वेळी बाजूची शिवण तेवढी उसवा. बॉर्डरच्या वरच्या साध्या भागात एक ओळ निवडा. तिच्या वरच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायाखालून एक बारीक सुई सरळ घाला, खालच्या ओळीतून दुसरी. मधल्या ओळीचा धागा मधोमध एका ठिकाणी कापा आणि दोन्हीकडे टाक्याटाक्याने बोथट सुईने काढत जा. कापड दोन भागांत वेगळं होईल आणि दोन्हीकडचे फास सुयांवर सुरक्षित असतील. पहिल्यांदा करताना छाती धडधडते, माझीही धडधडली होती. मग खालचा भाग काढून टाका, वरच्या सुईवरून खाली विणत जा, नवी बॉर्डर घाला.

इथे एक बारकावा आहे. कापडाला वरून खाली विणायला घेतलं की तुमच्या हातात येतात ते खरे टाके नसतात, दोन टाक्यांमधल्या कमानी असतात. त्यामुळे नवी वीण अर्धा टाका बाजूला सरकते आणि मोजलंत तर एक टाका कमी भरतो. साध्या विणीत हे कुणालाही दिसत नाही. पण दोन सुलट दोन उलट अशा बॉर्डरच्या मधोमध कापलंत तर रेघा अर्ध्या टाक्याने तुटलेल्या दिसतात आणि काही केल्या जुळत नाहीत. म्हणून कापायचं ते बॉर्डरच्या वर, साध्या विणीत.

खालचा भाग ठेवून फक्त मधला काढायचा असेल तर दोन भाग पुन्हा जोडावे लागतात, आणि शिवण दिसता कामा नये. यासाठी जो जोड आहे त्याला इंग्रजी पुस्तकांत किचनर टाका म्हणतात. हे नाव पहिल्या महायुद्धात ब्रिटनचा युद्धमंत्री असलेल्या लॉर्ड किचनरवरून पडलं, तोच जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. मोज्याच्या टोकाला जाड शिवण आली की बुटात बोटं सोलतात, म्हणून मोज्याचं टोक या जोडाने बंद करतात. यात आपण सुईदोऱ्याने एक नवी ओळच विणतो. जोडाच्या लांबीच्या चौपट लोकर घ्या. दोन्ही सुया समांतर धरा, दोन्हीकडची सुलट बाजू बाहेर. सुरुवातीला पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात लोकर ओवलेली बोथट सुई उलट विणल्यासारखी घाला, मागच्यात सुलट विणल्यासारखी, आणि दोन्ही टाके सुईवरच राहू द्या. मग पुढच्या सुईवर: सुलट घालून काढा, शेजारच्यात उलट घालून ठेवा. मागच्या सुईवर: उलट घालून काढा, शेजारच्यात सुलट घालून ठेवा. मी मनात म्हणत असते, सुलट काढ, उलट ठेव, उलट काढ, सुलट ठेव. मध्येच कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. धागा विणीइतकाच सैल ठेवायचा, घट्ट ओढला की तिथे चर पडते.

त्या निळ्या स्वेटरच्या वेणीत मी हेच केलं. चुकलेल्या पिळाच्या लगेच वरच्या ओळीत, सहा टाक्यांच्या मधोमध, एक धागा कापला. फक्त सहाच टाके सोडवले. खाली सहा फास, वर सहा फास. समोर असलेले तीन मागे घेतले, मागचे तीन समोर आणले, आणि नव्या धाग्याने त्यांना वरच्या सहांशी जोडलं. जुन्या धाग्याची दोन टोकं जेमतेम दीड-पावणेदोन इंचांची होती, नव्याची दोन, ती चारही आत लपवली. पाऊण तास लागला. स्वेटर फिरून परत आला असेल तर मला सांगा, कुणाला जागा सापडली?

लोकर कोणती तेही बघावं लागतं. मेंढीची लोकर या कामाला फार चांगली. जोड दिल्यावर कोमट पाण्यातून काढून सपाट वाळवली की टाके आपापली जागा शोधतात. नव्या स्वेटरमधले लहानमोठे टाके बघून पुष्कळजणी घाबरतात, त्यांनी एकदा धुऊन बघावं. निम्म्या तक्रारी पाण्यात जातात. ॲक्रिलिकचं, आपल्याकडे ज्याला सरसकट कॅशमिलॉन म्हणतात त्याचं तसं नसतं. ते धुऊन फारसं सारखं होत नाही, आणि गरम इस्त्री लावली तर कायमचं लुळं पडतं. तिथे जोड सुरुवातीपासूनच मापात हवा. कसर लागलेली लोकर आधी धुऊन उन्हात झटका, मगच भोकाला हात लावा, नाहीतर अळ्या आतच राहतात. आणि मेंढीच्या लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घासून आटला, त्याचा नमदा झाला, तर त्यावर मात्र इलाज नाही. त्यात टाके वेगळे राहिलेलेच नसतात.

प्रत्येक चूक दुरुस्त करावी असं मी म्हणत नाही. काखेत एक टाका उलटा आहे, तो राहू दे. बाळाच्या मोज्यात एक जाळी चुकली आहे, बाळ तीन महिन्यांत मोठं होणार आहे. पण मोकळा फास कधीही तसाच सोडू नका, कारण तो पळतो. आणि जी चूक दिसली की स्वेटर अंगावर घालवत नाही, ती नक्की काढा, कारण न घातलेल्या स्वेटरचा कुणालाच उपयोग नाही.

शेवटी उरलेल्या लोकरीचं. दुकानात गुंडे घेताना एक जास्त घ्या, रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक एकच आहे ना ते लेबलावर बघा. स्वेटर झाल्यावर त्यातली हातभर लोकर गुंडाळून आतल्या शिवणीला टाचून ठेवा आणि प्रत्येक वेळी स्वेटरबरोबर धुऊ द्या. दहा वर्षांनी दुरुस्त करायची वेळ आली की ती स्वेटरइतकीच विटलेली असते. कपाटातल्या कोऱ्या गुंड्याने केलेला जोड लांबून ओळखू येतो. लोकर उरलीच नसेल तर बाजूच्या शिवणीचा धागा सोडवून घ्या आणि शिवण दुसऱ्या लोकरीने घाला.

ज्यांनी स्वेटर आणलेत त्यांनी टेबलाजवळ या. आधी सुटलेले टाके घेऊ, मग बाह्या. कात्री आणि बोथट सुया मी आणल्या आहेत, लोकर मात्र तुमची तुम्ही काढा.